सतरा नंबरचा बाण

माझ्या ताईच्या नवऱ्याला गल्लीत कोणी नावाने ओळखत नाही. 'बघून येतो कुठे राहतात?' असं विचारलं की कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्तीवाला हातातला पाना तसाच वर करून दुसरा मजला दाखवतो. हे नाव त्यांना कोणी ठेवलेलं नाही, त्यांनीच ते रोज दहा वेळा बोलून कमावलं आहे. घराला कुलूप लावून आम्ही कोपऱ्यापर्यंत आलो की भाऊजी थांबणार, खिसा चाचपणार आणि म्हणणार, "एकदा बघून येतो." कुलूप लागलेलं असतंच. ते ओढून बघतात, परत येतात, आणि मग त्यांना गॅस आठवतो. लग्नाच्या नोंदणीच्या दिवशी म्हणे त्यांनी कचेरीतल्या बाईंकडून रजिस्टर परत मागून घेतलं आणि स्वतःची सही बरोबर आहे ना, हे बघितलं. ताई म्हणते, मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

माझा स्वभाव नेमका उलटा. मी भूगोलाचा मास्तर, पस्तीस वर्षं शाळेत घालवून आता घरी बसलेला. एकदा केलं की झालं, पुन्हा त्याकडे ढुंकून बघायचं नाही, असा माझा खाक्या. भाऊजींची मी जेवढी टिंगल केली तेवढी वर्गातल्या उनाड पोरांचीही केली नसेल. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी मला साळसूद समजायला नको.

भाऊजींचा धंदा बोर्ड रंगवण्याचा. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे फलक, 'येथे वाहने उभी करू नयेत', 'कुत्र्यापासून सावध', सगळं. घराचा लांबट पॅसेज हाच त्यांचा कारखाना. भिंतीला टेकवलेले पत्रे, टर्पेंटाइनचा वास, खिडकीत आकाराप्रमाणे लावलेले ब्रश, आणि खडूने माखलेला एक दोरा. तो दोरा पत्र्यावर ताणून टिचकी मारली की सरळ पांढरी रेघ उमटते. त्या रेघेवर आधी शिरोरेघ काढायची आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगायचं, ही त्यांची पद्धत. फ्लेक्स आले तेव्हा गावातल्या बाकीच्या पेंटरांनी ब्रश टाकून दिले. कोणी रिक्षा घेतली, कोणी मोबाइलचं दुकान काढलं. भाऊजी मात्र घरच्या पत्र्याच्या डब्यांवर 'साखर' आणि 'मीठ' लिहीत बसले, आणि ताईने ते डबे नेमके उलटे भरले म्हणून दोन दिवस घरात अबोला होता.

अक्षरापेक्षाही त्यांचा जीव बाणावर. बाणाच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता, आणि तो ते कोणालाही ऐकवायचे, ऐकणाऱ्याला घाई असली तरी. "बाण हाताने काढायचा नसतो, पायाने काढायचा असतो." म्हणजे असं, की बोर्ड जिथे लागणार तिथे आधी स्वतः जायचं. वाचणारा जिथे उभा राहील तिथे उभं राहायचं. जायचं असेल तिकडचा हात वर करायचा. मग घरी येऊन ब्रश उचलायचा. एकदा एका दवाखान्याने त्यांना टाइप केलेला कागद दिला, रक्त तपासणी उजवीकडे. भाऊजी जाऊन उभे राहिले तर ती होती डावीकडे. डॉक्टरांनी आपल्या खुर्चीत बसून हात दाखवला होता. चाळीस वर्षांत त्यांचा एकही बाण चुकला नव्हता, आणि याचा त्यांना जो अभिमान होता तो माझ्या डोक्यात जायचा. अहो, बाण तो बाण, त्यात काय एवढं?

तर आमच्या गावापासून बसने तासाभरावर डोंगरमाथ्यावर एक जुना किल्ला आहे. तीन दरवाजे होते, त्यांतला एक धड उरला आहे. बाकी पडका तट, दोन-तीन बुरूज, दगडात खोदलेली पाण्याची टाकी आणि वर मोठं सपाट पठार. सुट्टीच्या दिवशी लोक वर चढतात, वाट चुकतात आणि खाली आल्यावर किल्ल्याची देखभाल करणाऱ्या आमच्या मंडळाच्या नावाने बोटं मोडतात. मी त्या मंडळाचा चिटणीस. वाटेवर बाण लावायचे ठरले. फ्लेक्स तिथल्या वाऱ्यात महिनाभरही टिकत नाही, म्हणून पत्र्याचे बोर्ड आणि हाताने रंगवलेली अक्षरं हवीत असं मीच सुचवलं आणि काम भाऊजींना मिळवून दिलं. एकवीस बोर्ड. फोनवर ते काही बोललेच नाहीत, तेव्हा मला कळलं की त्यांना फार आनंद झाला आहे.

अडचण एकच, त्यांचा गुडघा. डॉक्टरांनी जिना चढायलाही मनाई केलेली, डोंगर लांबच. म्हणजे जाऊन उभं राहणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, "भाऊजी, तुमच्या वतीने मी उभा राहतो. मी आयुष्यभर दिशाच शिकवल्या आहेत." आणि खरंच गेलो. वहीचा एक कागद घेऊन चढलो आणि एकवीस ओळींची यादी करून आणली.

यादी थोडक्यात लिहिली होती. डावीकडे म्हणजे 'डा.', उजवीकडे म्हणजे 'उ.'. वर्गात कोणी असं लिहिलं की मी अर्धा मार्क कापायचो आणि म्हणायचो, पूर्ण लिही, शाई काय तुझ्या काकाची जाते? पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. यादीत 'डा. बुरूज' वाचून भाऊजी चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "हे डॉक्टर बुरूज कोण?" मी म्हटलं, ते फक्त सकाळी बसतात. तेही हसले. मग मात्र त्यांनी मला तीनदा विचारलं की प्रत्येक ठिकाणी थांबलात ना, उभे राहिलात ना, आणि उभे राहिलात तेव्हा तोंड कुठे होतं?

"माझ्या डोक्यालाच होतं," मी म्हणालो.

नऊ दिवस पॅसेजमधून जायला वाट नव्हती. पिवळी जमीन, काळी अक्षरं, लाल बाण. ताई बोर्डांवरून उड्या मारत स्वयंपाकघरात जायची. मी एकदा बघायला गेलो तर भाऊजी पॅसेजमध्ये भिंतीकडे तोंड करून उभे होते, यादी डाव्या हातात, उजवा हात वर. रस्त्यावरचा पोलीस बिनगाड्यांच्या रस्त्यावर उभा असावा तसे. मी विचारलं, काय चाललंय? म्हणाले, तिथे उभा राहून बघतोय. मला हसू आवरेना.

बोर्ड गेले. मंडळाने लावलेल्या गड्यांनी ते खांबांवर ठोकले आणि नंबराप्रमाणे वाटेवर रोवले. काम संपलं, असं मला वाटलं. भाऊजींचं तिथून सुरू झालं.

पुढचे अकरा दिवस त्या माणसाच्या जिवाला चैन नव्हतं. खिडकी ते माठ आणि माठ ते खिडकी, अशा फेऱ्या. घास तोंडाजवळ नेऊन थांबायचे आणि पुटपुटायचे, चौदाला डावा, पंधराला उजवा. दाढी करताना मध्येच हात वर करायचे, तोही वस्तऱ्याचा. मला दिवसातून दोनदा फोन. "मास्तर, नऊच्या तिथे झाड आहे म्हणालात. मग बोर्ड झाडामागे तर गेला नसेल?" एकदा विचारलं, सोळाच्या पुढे दोन वाटा फुटतात का? मी म्हटलं, फुटतात, पण उजवीकडची बकऱ्यांची आहे, डावीकडे रुंद पायऱ्या आहेत, आंधळ्यालाही कळेल. मग ते म्हणाले, "आणि धुक्यात?"

मी फोन ठेवून दिला. खोटं कशाला बोलू, आपटलाच.

या सगळ्यात माझ्या भाचीने भर घातली. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला आहे, तिच्या तिथले चौदा जण येत्या रविवारी किल्ल्यावर निघाले होते आणि पुढारीपण हिच्याकडे. यांतल्या एकानेही कधी डोंगर चढलेला नव्हता. शुक्रवारी जेवताना ती सांगत होती, मीही तिथे होतो. सगळ्यांना म्हणाली होती म्हणे, डोळे मिटून चला, बाण माझ्या बाबांचे आहेत. भाऊजींनी हातातली पोळी ताटात ठेवली आणि ती पुन्हा उचलली नाही. ताईला कळलं काय ते. मला मात्र राग आला, कारण जेवण छान झालं होतं आणि आता कोणाचंच लक्ष त्यात राहणार नव्हतं.

शनिवारी सकाळी सातला ताईचा फोन. "ते निघालेत. किल्ल्यावर. थांबवून थांबणार नाहीत, तू निदान बरोबर जा." मी बसस्टॉपवर पोचलो तर भाऊजी काठी घेऊन उभे. खांद्यावरच्या पिशवीत पिवळ्या, काळ्या आणि लाल रंगाच्या छोट्या डब्या, तीन ब्रश, टर्पेंटाइनची बाटली आणि चिंध्या. मी म्हटलं, गुडघ्याचं काय? ते म्हणाले, "एकदा बघून येतो, म्हणजे गुडघाही गप्प बसेल."

दोन तासांच्या चढाला आम्हाला चार तास लागले. एक नंबरचा बोर्ड पायथ्याशीच. भाऊजी त्याच्यासमोर उभे राहिले, हात वर केला, बाण बघितला, वाट बघितली, आणि खिशातून माझी यादी काढून एकवर पेन्सिलीने बारीक खूण केली. मग दोन. मग तीन. प्रत्येक खुणेबरोबर त्यांचा चेहरा जरा सैल होत होता आणि माझा आखडत होता, कारण मला भूक लागली होती. सातव्या बोर्डाशी त्यांचा पाय मुरगळला. नऊला झाड होतं, पण बोर्ड झाडापुढे होता. बाराला त्यांनी काठी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हातांनी गुडघा धरून बसले. मी म्हटलं, चला परत, बारा बरोबर निघाले म्हणजे एकवीसही बरोबरच असणार, शितावरून भाताची परीक्षा. ते म्हणाले, "मास्तर, शीत शिजलं तरी भात बुडाला लागलेला असू शकतो."

चौदाच्या पुढे धुकं लागलं. त्या मोसमात ते रोजच सकाळी उतरतं आणि दुपारपर्यंत रेंगाळतं. दहा पावलांवरचा दगड माणसासारखा दिसायला लागला. पंधरा बरोबर. सोळा बरोबर. मी कंटाळून पुढे निघालो होतो, मला दरवाज्याच्या कमानीत बसून डबा उघडायचा होता. वाटेत पिवळा बोर्ड दिसला, सतरा, 'दरवाजा', आणि लाल बाण उजवीकडे. मी उजवीकडे वळलो.

मी तिथे महिन्यापूर्वीच जाऊन आलो होतो. फोनवर सांगितलं होतं की आंधळ्यालाही कळेल. आणि तरी धुक्यात मी बोर्ड बघितला आणि वळलो, कारण बोर्ड होता. वाट सुरुवातीला चांगली होती. मागून भाऊजींची हाक आली, नेहमीपेक्षा हळू.

"मास्तर, जरा थांबा. पायऱ्या डावीकडे म्हणाला होतात ना?"

मी थांबलो. पुढे वाट तटाच्या कडेने वळत होती. मी काठीने पुढचं गवत चाचपलं. काठी गवतातून आरपार गेली आणि खाली कशालाच लागली नाही. मी एक लहान दगड टाकला. त्याचा आवाज आला, पण इतक्या उशिरा, की मी तोवर दोन पावलं मागे आलो होतो.

परत आलो तेव्हा भाऊजी बोर्डासमोर उभे होते. त्यांनी हात वर केला, डावा. बाण उजवीकडे. त्यांनी हात खाली घेतला, पुन्हा वर केला, पुन्हा डावाच. मग ते खांबाजवळच्या दगडावर बसले.

"चुकला," ते म्हणाले. "माझा बाण चुकला. उद्या ती याच बाणावरून गेली असती."

मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल, वाचण्यात गडबड झाली असेल. आणि ते सिद्ध करण्यासाठी त्यांच्या खिशातून यादी घेऊन सतरावी ओळ बघितली. माझं अक्षर. 'उ. दरवाजा.'

मला सगळं एका क्षणात आठवलं. सतरावी ओळ मी त्या फाट्यावर लिहिलीच नव्हती. दरवाज्यासमोर उभा राहून लिहिली होती. तीन दरवाज्यांतला हा उत्तरेकडचा, म्हणून त्याच्यावर नावाची पाटी हवी, 'उत्तर दरवाजा', एवढंच माझ्या मनात होतं. त्यात बाण नव्हताच. फाट्यावर बोर्ड लावायचं मला सुचलंही नव्हतं, पायऱ्या दिसतातच की, म्हणून. पहिल्या सोळा ओळींत उ. म्हणजे उजवीकडे, आणि सतराव्या ओळीला उ. म्हणजे उत्तर. ते फक्त मला ठाऊक होतं, आणि मीही विसरलो होतो. भाऊजींनी जे लिहिलं होतं ते वाचलं आणि बाण काढला. गड्यांनी बाण बघितला, बाणाचा बोर्ड दरवाज्यावर कशाला ठोकायचा म्हणून खालच्या फाट्यावर रोवला. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं.

यादीची घडी घालून मी ती माझ्या खिशात टाकली.

भाऊजी उठले. आधी चिंधीने बोर्डावरचं दव पुसलं, तीनदा, मग त्यावर स्वतःचा शर्ट दाबला. बाणाची दांडी तशीच ठेवली. उजवीकडचं डोकं पिवळ्याने बुजवलं, पहिल्या हाताला लाल दिसतच राहिलं म्हणून थांबून दुसरा हात दिला, आणि डावीकडे नवं डोकं बसवलं. धुक्यात एवढा वेळ मी त्यांच्या शेजारी उभा होतो, आणि तीन वेळा तोंड उघडून मिटलं. त्यांना एवढं वाईट वाटत असताना सांगून काय उपयोग, घरी गेल्यावर सांगू, असं मी स्वतःला समजावत होतो. पळपुट्याला पळवाटा भरपूर सुचतात.

पुढे त्यांना चालवेना. पायऱ्यांवरून कमानीपर्यंत कसेबसे आले आणि भिंतीला टेकले. वरच्या पठारावर चार बोर्ड उरले होते, अठरा ते एकवीस. "तुम्ही तेवढे बघून या," ते म्हणाले. "उभे राहा, हात वर करा. घाई करू नका." मी कमानीतून आत गेलो. समोर नुसतं पांढरं. पठारावर काय चुकणार, टाक्याचा बाण चुकला तर माणूस फार तर तहानलेला राहील, असा विचार केला, भिंतीआड पाच मिनिटं उभा राहिलो आणि परत आलो. म्हटलं, बघितले, बरोबर आहेत. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. उतरताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि खिशातला तो कागद मला मांडीला टोचत होता.

रविवारी मी घरी बसूच शकलो नाही. भाची पहाटेच गेली होती. मी नऊलाच ताईकडे गेलो. भाऊजींनी पाय उशीवर ठेवला होता, गुडघा पपईएवढा सुजलेला. ते हलू शकत नव्हते, म्हणून फेऱ्या मी घालत होतो. खिडकी ते माठ, माठ ते खिडकी. ताई म्हणाली, याला काय झालं? दुपारी भाचीला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. रंग वाळला नसेल तर ओघळला असेल का? पिवळ्यातून जुना लाल पुन्हा वर आला असेल का? मग बोर्डाला दोन्हीकडे डोकी दिसतील. हे मला आदल्या दिवशी सुचलं नव्हतं, आणि आता दुसरं काही सुचत नव्हतं. भाऊजींना विचारलं तर त्यांनी फक्त मान हलवली, तेही तोच विचार करत होते.

पाचच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली. भाची आली, चिखलाने माखलेली, खुशीत. सगळे चौदा नीट परत आले होते. वर एवढं धुकं होतं की दरवाज्यात बसून डबे खाल्ले आणि तिथूनच मागे फिरले. फाट्यावर वाद झाला म्हणाली, दोघे जण उजवीकडे चला म्हणत होते, कारण तिकडे ताजी पावलं दिसत होती.

ती पावलं माझी होती.

"मी म्हटलं, बाण डावीकडे आहे ना, मग डावीकडेच जायचं," ती म्हणाली आणि हाताचा तळवा पुढे केला. तळव्यावर लाल डाग होता. "बोर्डाला हात लावला तर रंग ओला. बाबा, तुम्ही काल तो नव्याने रंगवलात ना? बाण चुकला होता का?"

भाऊजी तिच्या तळव्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हो. चुकला होता."

एवढंच. माझं, यादीचं, गिचमिड अक्षराचं, कशाचंही नाव घेतलं नाही. ताई हळूच म्हणाली की आता हे काम पुरे, वय झालं. त्यावर त्यांनी फक्त मान खाली घातली. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या अभिमानाचा मला राग यायचा, त्याचा अभिमान माझ्या डोळ्यांदेखत गेला आणि मला तो बघवेना.

मी खिशातली यादी काढून भाचीपुढे धरली. "सतरा नंबर वाच."

"उजवीकडे दरवाजा," तिने लगेच वाचलं.

"उत्तर दरवाजा," मी म्हणालो. "उ माझा आहे. मला कालच कळलं होतं, आणि मी बोललो नाही."

भाचीने माझ्याकडे बघितलं, आणि तिसरीत असताना याच मामाने तिचा अर्धा मार्क कशासाठी कापला होता ते तिला आठवलं असणार. ताईने तोंड फिरवलं. भाऊजींनी हात पुढे करून यादी घेतली, चष्मा लावला आणि कितीतरी वेळ ती ओळ बघत बसले. मग त्यांच्या छातीतून एक लांब श्वास बाहेर आला. मला वाटलं आता बोलतील, दोन शब्द सुनावतील, आणि मला ते हवेही होते.

"ब्रश द्या," ते म्हणाले. "बारीक."

भाचीने खिडकीतला सगळ्यात बारीक ब्रश आणि काळी डबी आणून दिली. माझ्या 'उ'पुढचं टिंब त्यांनी ब्रशाच्या टोकाने 'त्त'च्या गाठीत मिसळून टाकलं आणि शेजारी 'र' लिहिला. माझ्या गिचमिडीत तो एक शब्द पुस्तकातल्यासारखा उठून दिसायला लागला. मग ते वरच्या ओळींकडे वळले. पेन्सिलीची खूण असलेल्या प्रत्येक 'उ'ला त्यांनी न विचारता 'जवीकडे' जोडलं, कारण तिथे ते स्वतः उभे राहून आले होते. अठरा, एकोणीस आणि एकवीसला 'डा.' होतं. विसाव्या ओळीवर ब्रश थांबला. 'उ. टाके.'

"हा उ कुठला, मास्तर? उत्तर की उजवीकडे?"

मला आठवेना. पठारावर उत्तरेलाही एक टाकं आहे, आणि वाटेच्या उजवीकडेही एक आहे.

"काल बघितलात ना तुम्ही?" त्यांनी विचारलं. आवाजात संशय नव्हता, तेच जास्त लागलं.

"नाही बघितला," मी म्हणालो. "सकाळी पहिल्या बसने जातो. एकदा बघून येतो."

घरात कोणी हसलं नाही. भाऊजींनी ब्रश चिंधीला पुसला, विसाव्या ओळीतल्या 'उ'पुढचं टिंब तसंच राहू दिलं आणि यादी वाळायला खिडकीत लावली. मग पिशवी माझ्याकडे सरकवून म्हणाले, "लाल डबी घट्ट लावा. सांडते."